वाकणावरचा वाळा

कासम, काल तू गेल्यानंतरची तिसऱ्या दिवसाची जियारत झाली. तुझ्या युसूफनं आवर्जून बोलावलं होतं. मी गेलो, सगळ्यांबरोबर ओसरीवर बसलो, दोन घास खाल्ले आणि उठलो. उठताना सवयीनं आत तोंड करून "उद्या कधी निघायचं रे?" असं विचारणार होतो. शब्द ओठावर आले होते. तुझ्या लेकानं ते बघितलं असावं, कारण तो माझ्या पाठोपाठ गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि परत गेला.

आज दुकान उघडलेलं नाही. दोन सुपं अर्धवट पडलीत, पडू देत. सरूनं सकाळी चहा पुढ्यात आपटला आणि म्हणाली, "तुमच्या जोडीदाराशी जे काय भांडायचं राहिलंय ते कागदावर भांडून घ्या एकदाचं. नाहीतर महिनाभर माझ्यावर खेकसाल." तुझ्या वहिनीच्या जिभेला हाड नाही हे तुला माहीत आहे. ती चिडली की तू नेहमी तिचीच बाजू घ्यायचास. तर वही घेतलीय, आणि गेल्या दिवाळीत तूच काठावरून कापून आणलेला बोरू घेतलाय. माझं अक्षर चौथीच्या पुढे गेलेलं नाही. पण तुला जिवंतपणीही वाचता येत नव्हतं, तेव्हा आता तुझ्यासमोर लाजायचं काय?

लोक म्हणतायत, कासम वाळेवाला फार शांत माणूस होता. मी ऐकून घेतो. वीस वर्षं मी तुझ्याबरोबर काम केलं; तू वाळा खणायचास, धुवायचास, वाळवायचास आणि मी बांबूच्या चौकटी करून त्यात तो गुंफायचो. उन्हाळ्यात कचेऱ्यांच्या आणि बंगल्यांच्या खिडक्यांना लागणारे ते पडदे, ज्यांच्यावर पाणी मारलं की खोलीभर गार वास पसरतो, ते आपण दोघांनी केले. वीस वर्षांत तुझ्याएवढा हट्टी माणूस मी पाहिला नाही. तू शांत होतास, कारण तुझं म्हणणं खरं आहे याची तुला खात्रीच असायची.

आणि एक गोष्ट तुला सांगायची राहिली. सहा वर्षं राहिली. ती तुला आधीच माहीत होती की नाही, याचा मी सहा वर्षं विचार करत होतो. तेच लिहायला बसलोय, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

आपली पहिली गाठ आठवते का? मी आनंदवलीच्या वर नदीत नवे बांबू भिजत घातले होते. कीड लागू नये म्हणून बुरूड घालतातच. भारा काठच्या वाळुंजीच्या झाडाच्या मुळाला बांधलेला, आणि गाठ माझ्या हातची, म्हणजे सुटणार कशी, अशी माझी ऐट. सकाळी बघतो तर भारा नाही. काठाकाठानं खाली आलो. एक लुंगीवाला माणूस माझ्या बांबूंवर बसून विडी ओढत होता. शेजारी खणलेल्या मुळांचा ढीग आणि ओल्या किंतानात गुंडाळलेले हिरवे कोंब.

"ते बांबू माझे आहेत," मी म्हणालो.

"असतील. आधी हे कोंब लाव, मग घेऊन जा."

"मी बुरूड आहे, माळी नाही."

"मंग बांबू पन माझे हायेत," तू म्हणालास आणि भाऱ्यावर जरा ऐसपैस बसलास.

मी कोंब लावले. शिव्या देत लावले. तू मागून येऊन निम्मे उपटलेस आणि पुन्हा लावलेस, कारण मी ते उभे लावले होते आणि ते जरा काठाकडे कलते लावायचे असतात. ती तुझी पहिली शिकवणी. पालथ्या घड्यावर पाणी होतं ते, तरी तू वीस वर्षं ओतत राहिलास.

तुझे नियम तीन होते आणि ते तुझ्या बापाचे होते. दोन ठोंब खणायचे, तिसरा सोडायचा. मुळं कापून घेतली की वरचा कोंब त्याच खड्ड्यात, त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत परत लावायचा. आणि तिसरा, नदीच्या वाकणाला फावडं लावायचं नाही, तिथला वाळा आपला नाही. मी विचारलं होतं, मग कुणाचा? तू म्हणालास, "काठाचा. नदी वळती तिथं जोर लावती, गणपत. तिथं त्याला तसाच राहू द्यायचा." एवढंच. तू कधी लांबण लावली नाहीस.

नदीकाठ मला तुझ्यामुळे दिसला. त्याआधी मला तिथं फक्त पाणी दिसायचं आणि बांबू भिजवायला बरी जागा. जिथं करंज आहे तिथं माती काळी आणि भुसभुशीत, जिथं निर्गुडी आहे तिथं पूर आला तरी पाणी हळू चढतं, ऐन पात्रात खडकाच्या भेगेत उगवणारी ती बुटकी शेरणी पुरात आडवी पडते आणि पूर ओसरला की पुन्हा उभी राहते, हे सगळं तू जाता जाता बोटानं दाखवायचास. लव्हाळ्यात पाय टाकू नको, खाली चिखल हाय. जांभळाखाली भाकर सोडू नको, वरून मुंगळे पडतात. मी म्हणायचो, तू काय नदीचा पाटील आहेस का. तू म्हणायचास, "पाटील नाय, भाडेकरू."

पण तुझी खरी करामत नाकाची. वाळलेल्या मुळांचा जुडगा हुंगून तो कुठल्या जागेचा ते तू सांगायचास. मला वाटायचं, थापा मारतोस. एकदा मी तुझे डोळे माझ्या उपरण्यानं बांधले आणि तीन ठिकाणचे जुडगे एकेक करून नाकाशी धरले. पहिल्याला म्हणालास, लव्हाळ्यातला, पाणथळ जागेचा. दुसऱ्याला म्हणालास, करंजाखालचा, कडवट हाय. तिसऱ्याला जरा वेळ लागला. मग म्हणालास, "हा वाकणावरचा. वर उंबर हाय ना, त्याची फळं पडून माती आंबती. गेल्या पुरात एक ठोंब उघडा पडला व्हता, त्याचा असणार." तिन्ही बरोबर. सरूनं तुला त्या दिवशी आमच्या घरी पिठलं जास्त वाढलं आणि मला म्हणाली, बघा, नाहीतर तुम्हाला भाजी करपलेली पण कळत नाही.

आणि आपला वाद. कुठून सुरू झाला ते आता आठवत नाही, पण वीस वर्षांत त्याच्याशिवाय एक आठवडा गेला नसेल. मी म्हणायचो, काठ धरून ठेवायला बांबूसारखं दुसरं काही नाही. बांबूचं बेट बघ, मुळांची जाळी बघ, हत्तीनं ओढलं तरी हलत नाही. तू म्हणायचास, "तुझा बांबू वर जातो, माझा वाळा खाली जातो. तुझा सगळा मोठेपणा डोळ्याला दिसतो, गणपत. मातीला काय मिळतं?" मी चिडायचो. सात पिढ्या आम्ही बांबूवर जगलो. आमच्या घरात पाळणा बांबूचा, रोवळी बांबूची, आणि गावात माणूस गेलं की तिरडीच्या बांबूसाठी लोक आधी आमच्याच दारात येतात. आणि हा गवताची मुळं विकणारा मला बांबू शिकवतो! एकदा मी रागानं दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू दारात येऊन म्हणालास, "बांबू चांगला हाय. पन पोरगा हाय अजून. दहा वर्षं झाली की मोठा होतो. वाळा पहिल्याच वर्षी म्हातारा असतो." तुझ्या भाषेत तो समेट होता.

रोज्यांच्या महिन्यात तू खणायला यायचासच. घशाला कोरड पडलेली, तरी फावडं थांबायचं नाही. मी तुझ्यासमोर भाकर सोडायचो नाही, वाळुंजीच्या आड जाऊन खायचो. पाच मिनिटांनी तुझी हाक यायची, "गणपत, कांदा लय तिखट हाय वाटतं आज?" आणि तू एकटाच हसायचास. मग मी कांदा नेणंच सोडलं त्या महिन्यात. ते तुझ्या लक्षात आलं होतं, कारण ईदेला शिरखुर्मा आला तेव्हा युसूफच्या हाती निरोप होता: अब्बा म्हणालेत, सोबत कांदा पण पाठवलाय. आणि खरंच एक कांदा होता. देवळ्याचा, लालबुंद. सरू दोन दिवस हसत होती.

आमिनाभाभी गेल्या तेव्हा तू त्यांना कबरस्तानाच्या अगदी कडेला, नदीकडच्या बाजूला जागा मागितलीस. वाकणाच्या वर, उंबराच्या सावलीत. लोक म्हणाले, आत घे, तिथं ओल असते. तू ऐकलं नाहीस. भाभी वाळ्याची मुळं धुवायला त्याच जागी बसायच्या, गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडून, आणि तुझ्याकडे पाठ करून तुलाच बोलायच्या. त्यानंतर तू वाकणाच्या नियमाबद्दल बोलायचं सोडलंस. बोलायची गरजच उरली नव्हती. तिथला वाळा आता भाभीच्या पायथ्याचा होता.

आणि मी तो खणला.

हे घे, लिहून टाकलं. बोरूचं टोक मोडलं आणि पुन्हा तासावं लागलं.

तेव्हा देवळालीच्या छावणीतून बंगल्यांच्या पडद्यांचं मोठं काम आलं होतं. कचेऱ्यांत विजेचे पंखे यायला लागले होते. तू हसायचास, पंख्याला वास कुठं हाय म्हणून, पण मी घाबरलो होतो. हे काम गेलं तर पुढल्या वर्षी आपल्याला कोण विचारणार, असं मला वाटत होतं. होळी जवळ आली होती. आपल्या नेहमीच्या जागा खणून झालेल्या, आणि तू मालेगावला, भावाच्या आजारपणात. पंधरा दिवस तुझा पत्ता नाही. मी आठवडाभर स्वतःशी भांडलो आणि मग फावडं घेऊन वाकणावर गेलो.

चार दिवस एकट्यानं खणलं. तिसरा ठोंब सोडला नाही. सगळे काढले. तुझा हात नव्हता म्हणून मुळं पण नीट निघाली नाहीत, अर्धी मातीत तुटली. आणि कोंब परत लावले नाहीत, कासम. उन्हं वाढली होती, ते धरणार नव्हते, ही एक सबब. पण खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती फक्त बुरडालाच सुचेल. माझ्या मनात होतं की आता तुला दाखवूनच देतो. पेठ गावाकडच्या माणसांकडून मी बांबूचे नऊ गड्डे आणले, चांगले मुळासकट, आणि त्या खड्ड्यांत एका ओळीत लावले. मला अगदी मनापासून वाटत होतं की मी त्या काठाचं भलंच करतोय. गवत काढलं आणि बांबू दिला, तोटा कुठं झाला? दहा वर्षांनी तिथं बेट होईल, भाभीला सावली होईल, आणि तू कबूल करशील की गणपत, हरलो. असे मनात मांडे खात मी चार दिवस खूश होतो.

तू मालेगावहून आलास. पडदे भिंतीला टेकवून ठेवलेले होते. तू एका पडद्याजवळ गेलास, वाकलास आणि हुंगलास.

"कुठला हा?"

"त्र्यंबकच्या बाजूचा. एक माणूस घेऊन आला होता."

तू पडदा पुन्हा एकदा हुंगलास. मग म्हणालास, "हं. चांगला हाय," आणि रांजणाकडे जाऊन हात धुतलेस. कशाला हात लावला नव्हतास, तरी धुतलेस.

मी स्वतःला सांगितलं, फसला. ज्या माणसाला डोळे बांधून वाकण कळतं, तो उघड्या डोळ्यांनी फसला, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते पटवून पण घेतलं. माणूस काय काय पटवून घेतो. दर जुम्म्याला तू भाभीकडे जायचास. तिथं नऊ बांबू ओळीत उभे दिसत असणार. बांबू ओळीत आपोआप उगवत नाही, हे कुणाला सांगायला बुरूड लागत नाही.

श्रावणात पूर आला. नाशकातली म्हातारी माणसं देवळांच्या पायऱ्या मोजत बसली होती, किती बुडाल्या म्हणून. मला झोप नव्हती. पाणी ओसरल्यावर मी गेलो तेव्हा तू आधीच तिथं उभा होतास. वाकणाचा काठ सुरीनं कापल्यासारखा तुटला होता. उंबर अर्धा लटकत होता. माझे बांबू कुठंच नव्हते. कोवळी मुळं, दोन वितीसुद्धा खाली गेलेली नव्हती, ती मातीचं ढेकूळच्या ढेकूळ घेऊन गेली. आणि काठाबरोबर तीन कबरी गेल्या होत्या. त्यात एक भाभीची.

मी तुझ्याजवळ जाऊन उभा राहिलो. तू खाली गढूळ पाण्याकडे बघत होतास. मग म्हणालास, "आमिनाला पान्यात पाय सोडून बसायला लय आवडायचं."

कासम, त्या दिवशी तू मला शिवी दिली असतीस, ढकललं असतंस, तर मी तुझा जन्मभर ऋणी राहिलो असतो. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास, आधारासाठी, आणि काठावरून मागं झालास.

थंडी पडल्यावर तू त्या उघड्या काठावर वाळा लावायला घेतलास. मी विचारलं नाही, तू बोलावलं नाहीस. मी दुसऱ्या दिवशी किंतान आणि फावडं घेऊन हजर. तेव्हापासून दर वर्षी, पौष-माघात, सहा वर्षं आपण तिथं कोंब लावले. तू वरच्या ओळीत, मी खालच्या. कलते, काठाकडे. माझे कोंब तू उपटायचं बंद केलंस, चौथ्या वर्षी बहुतेक. त्या दिवशी मी घरी जाऊन सरूला सांगितलं आणि ती म्हणाली, इतक्या वर्षांनी पोरगा पास झाला म्हणायचा.

मी तुला सांगायचा प्रयत्न केला. खोटं नाही सांगत, तीनदा केला. एकदा ईदेला, पण घरात पाहुणे होते. एकदा मला ताप आला होता तेव्हा. तू उशाशी बसला होतास, पण मी तोंड उघडलं आणि सरू काढा घेऊन आली. तिसऱ्यांदा तिथंच, वाकणावर. आपण दोघंच होतो. मी फावडं खाली ठेवलं आणि म्हणालो, "कासम, तुला एक सांगायचंय, या काठाचं."

तू वर न बघता म्हणालास, "काय बोलू नको. हात चालव. कोंब सुकतायत."

आणि मी हात चालवला. सुटलो असं वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं की आता कधीच सुटणार नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. त्या सहा वर्षांत तू किती वेळा म्हणालास, वर ये, आत सावलीत बसू, विडी ओढू. मी कबरस्तानात कधी पाऊल टाकलं नाही. काठावरच बसायचो. भाभी नसलेल्या त्या जागेसमोर बसायची माझी हिंमत नव्हती. तिथं खालून, पडक्या भिंतीच्या पलीकडे, बांबूचे शेंडे दिसायचे. बुरडाचे डोळे, ते शेंड्यावर जाणारच. गेल्या साली मी तुला म्हणालो पण, "आत कुणी तरी बांबू लावलाय. फार दाट झालाय. विरळायला पाहिजे, नाहीतर सरळ वाढायचा नाही."

तू हसलास. "मालकाला सांगतो," म्हणालास.

या मंगळवारच्या सकाळपर्यंत मला ते कळलं नाही. एवढा मी शहाणा.

तुला छातीचं दुखणं होतं हे माहीत होतं, पण सोमवारी तू कोंब भिजवून ठेवले होतेस, मंगळवारी जायचं ठरलं होतं. मंगळवारी सकाळी युसूफ दारात आला. आमच्या दारात असा माणूस आला, डोक्याला काही नाही, पायात काही नाही, की आम्हाला विचारावं लागत नाही कशासाठी आला. पण तुमच्यात तिरडी नसते, म्हणून मी क्षणभर गोंधळलो.

"काका, अब्बा गेले," तो म्हणाला. "कोयता घ्या आणि चला."

"कोयता कशाला?"

"कबरीत वर आडवे घालायला बांबू लागतात, मग माती. अब्बा सांगून गेलेत. बांबू गणपतच्या बेटातला घ्यायचा, आणि फोडायचा पन त्यानंच."

"माझं कुठलं बेट?"

तो कबरस्तानाकडे चालू लागला. मला त्या पडक्या भिंतीतून आत घेऊन गेला. तू बोलावूनही सहा वर्षं जिथं आलो नाही तिथं तुझ्यासाठीच आलो. भिंतीच्या आडोशाला बेट होतं, पंधरावीस बांबूंचं, चांगलं निबर. खाली आळं केलेलं, आळ्याची माती ताजी उकरलेली. युसूफ म्हणाला, "पुरानंतर एकच गड्डा खाली करंजाच्या मुळात अडकलेला मिळाला. अब्बांनी आणून हितं लावला. घरात सगळ्यांना सांगितलं, ह्याला कुणी हात लावायचा नाय. हा गणपतचा हाय."

मग त्यानं आणखी एक सांगितलं, आणि ते त्यानं सांगितलं नसतं तर मी आज हे लिहायलाही बसलो नसतो. पुराच्या आधीच्या उन्हाळ्यात, म्हणजे मी बांबू लावल्यावर, तू दोन महिने रोज नदीवरून घागर भरून नेत होतास आणि त्या नऊ बांबूंना पाणी घालत होतास. युसूफनं विचारलं होतं, अब्बा, हे कुणी लावलं, आपला वाळा कुठं गेला? तू म्हणालास, "गणपतनं लावलंय. उन्हाळ्यात वाळा धरायचा नाय. आता हेच जगवायला पायजे, पावसाच्या आत."

रोज एक घागर. सगळं माहीत असून. ज्या बांबूवर तुझा काडीचा विश्वास नव्हता, त्याला तू जगवायला बघत होतास, कारण भाभीच्या पायथ्याला आता तेवढंच उरलं होतं, आणि ते मी लावलेलं होतं. कुंपणानं शेत खाल्लं आणि तू कुंपणाला पाणी घातलंस. मला एकदा तरी शिव्या घालायच्या होत्यास रे. तेवढा तरी हक्क मला द्यायचा होतास.

मी सात बांबू तोडले. विरळायलाच आले होते. तिथंच बसून फोडले, गाठी तासल्या, कामट्या रुंद ठेवल्या, धार कुठं लागू नये म्हणून कडा घासल्या. आयुष्यात इतकं चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं, पण हाताला बांबू माहीत असतो. तुमच्या माणसांनी मला बाजूला हो म्हटलं नाही. कामट्या आत देताना युसूफ माझ्या हातातून घेत होता आणि मी मोजत नव्हतो. तू काठाच्या कडेला आहेस, जवळजवळ तिथंच, जिथं भाभी होत्या. ही जागा पण तूच सांगून ठेवली होतीस म्हणे. हट्टी माणूस.

आज सकाळी, हे लिहायला बसायच्या आधी, मी पुन्हा तिथं गेलो होतो. तू सोमवारी भिजवलेले कोंब तुझ्या अंगणात तसेच होते, किंतानात, ओले. युसूफनं पाणी मारलं होतं. मी ते घेऊन वाकणावर गेलो आणि तुझ्या पायथ्याच्या उतारावर लावले, कलते, काठाकडे, सूर्य वर यायच्या आत. आणि लावता लावता मोठ्यानं म्हणालो, कासम, हा काठ मी खणला होता. मी खोटं बोललो होतो. त्र्यंबकचा माणूस नव्हता. आजूबाजूला कुणी नव्हतं, एक खंड्या तेवढा उंबराच्या फांदीवरून उडाला. तू काय बोलू नको, हात चालव, असं म्हणाला असतास, म्हणून मी हात थांबवले नाहीत.

आपला वाद मिटलेला नाही, हे लक्षात ठेव. तुझ्या डोक्यावर माझा बांबू आहे आणि तुझ्या पायाशी तुझा वाळा आहे, आणि श्रावणात नदी येणारच आहे. मी तेव्हा काठावर उभा राहून बघणार आहे कोण धरून ठेवतं ते. तू जिंकावंस असं पहिल्यांदाच मला मनापासून वाटतंय.